मानसशास्त्राचे अतिथी व्याख्यान: पाहुण्या तज्ज्ञांकडून विद्यार्थ्यांनी खरोखर शिकावे यासाठी

मानसशास्त्र शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांत वर्षातून एकदा-दोनदा अतिथी व्याख्यान होते. तज्ज्ञ येतात, तास-दीड तास बोलतात, आभारप्रदर्शन होते, छायाचित्र निघते आणि अहवाल महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलमध्ये जातो. पंधरा दिवसांनी त्याच विद्यार्थ्यांना त्या दिवशी काय ऐकले असे विचारले, तर ‘मॅडम फार छान बोलल्या’ यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. तालुक्याच्या गावी हा विषय अनेक वर्षे शिकवताना सुरुवातीची काही व्याख्याने माझ्याही हातून अशीच वाया गेली, आणि त्यात पाहुण्यांचा दोष नव्हता. त्यांच्याकडून नेमके काय मागायचे हे आम्हीच ठरवलेले नव्हते.

व्याख्या, प्रकार आणि लक्षणे क्रमिक पुस्तकात असतात, त्यासाठी कोणाला प्रवास करून बोलावण्याची गरज नाही. पुस्तकात नसते ती निर्णयाची रीत. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे ऐकताना तज्ज्ञ कोणत्या शक्यता मनात धरतात, कोणत्या सोडून देतात, चाचणीचा आकडा आणि माणसाचे वागणे जुळत नसेल तर कशावर भिस्त ठेवतात आणि ‘मला अजून खात्री नाही’ असे कोणत्या टप्प्यावर म्हणतात, हे फक्त त्या कामात वर्षे घालवलेल्या माणसाकडूनच ऐकता येते. पुढे सांगितलेली सगळी तयारी या एकाच गोष्टीसाठी आहे.

कोणाला आणि कशासाठी बोलवावे

प्रथम ‘तज्ज्ञ’ या शब्दाची फोड करावी, कारण विद्यार्थ्यांच्या मनात, आणि पुष्कळदा आयोजकांच्याही मनात, मनाशी संबंधित सगळे व्यावसायिक एकाच माळेत ओवलेले असतात. मानसोपचारतज्ज्ञ हे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचार या विषयातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे शिक्षण मानसशास्त्राचे असते. ते मनोमापन (चाचण्यांद्वारे तपासणी) आणि बोलण्यातून केले जाणारे उपचार करतात आणि १९९२ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. समुपदेशकांचे प्रशिक्षण फार वेगवेगळ्या स्तरांचे असते, म्हणून त्यांनी कोठे व किती काळ प्रशिक्षण घेतले हे नम्रपणे विचारून घ्यावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. विद्यापीठात संशोधन करणारे, उद्योगांत निवड-चाचण्या घेणारे आणि शाळांत अध्ययन-अक्षमतेवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ हे आणखी वेगळे. प्रेरणादायी भाषणे करणारे वक्ते यांपैकी कशातच मोडत नाहीत. त्यांचे भाषण ऐकून विद्यार्थ्यांना उत्साह वाटेल, पण विषयाचे अतिथी व्याख्यान म्हणून ते ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान गावातील महाविद्यालयांना ‘आमच्याकडे कोण येणार’ ही चिंता असते. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते, तेथे चौकशी करावी. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्य शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत आणि तेथील मनोविकार सामाजिक कार्यकर्ते किंवा व्यवसायोपचारतज्ज्ञ यांचे अनुभव विद्यार्थ्यांनी क्वचितच ऐकलेले असतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिलेले व्याख्यान डॉक्टरांचे नव्हते. बरे झालेल्या रुग्णांना घरी परत पोहोचवण्याचे काम करणाऱ्या एका सामाजिक कार्यकर्त्या बाईंचे ते होते.

विषय अरुंद ठेवावा. ‘ताणतणाव व्यवस्थापन’ असे पत्रिकेवर छापले की वक्त्यांना सर्वसाधारण सल्ल्यापलीकडे जाता येत नाही. त्याऐवजी ‘पहिल्या भेटीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ काय विचारतात आणि का’, ‘बुद्धिमापन चाचणीचा अहवाल कसा वाचावा’ किंवा ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराच्या आठवणीवर किती विसंबावे’ असा विषय दिला, तर त्या माणसाच्या अनुभवाला वाट मिळते.

निमंत्रणाच्या पत्रात चार गोष्टी नक्की लिहाव्यात: विद्यार्थी कोणत्या वर्षाचे आहेत, त्यांचा या विषयावर कोणता भाग शिकवून झालेला आहे, बोलण्याची भाषा कोणती असावी आणि आपल्याला नेमके काय ऐकायचे आहे. मी साधारण असे लिहितो: ‘आमचे विद्यार्थी द्वितीय वर्ष कला शाखेचे असून त्यांना स्मृतीचे प्रकार, विस्मरणाची कारणे आणि संबंधित प्रयोग शिकवून झाले आहेत. ते मराठी माध्यमातून शिकतात. त्यांना व्याख्या पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या कामात आठवणींवर विश्वास ठेवण्याचा किंवा न ठेवण्याचा प्रसंग आपल्यावर कसा येतो आणि आपण तेव्हा काय करता, हे ऐकण्याची आमची इच्छा आहे.’ असे पत्र मिळाल्यावर एका ज्येष्ठ तज्ज्ञांनी मला आपणहून दूरध्वनी केला आणि अर्धा तास विद्यार्थ्यांविषयी विचारले. तारीख, प्रवास आणि मानधन यांविषयी पहिल्याच बोलण्यात स्पष्टता असावी, आणि अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात व्याख्यान ठेवू नये.

शब्दांची तयारी

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. तज्ज्ञांचे सगळे शिक्षण इंग्रजीत झालेले असते आणि ते सहज रिइन्फोर्समेंट, रिकॉल, रेकग्निशन असे शब्द वापरतात. विद्यार्थ्यांनी हेच प्रबलन, प्रत्यावाहन, प्रत्यभिज्ञा या नावांनी वाचलेले असते. दोघे एकाच गोष्टीबद्दल बोलत असूनही विद्यार्थ्याला वाटते की हे आपल्याला शिकवलेलेच नाही, आणि त्याचे ऐकणे तेथेच थांबते. म्हणून व्याख्यानाच्या आठवडाभर आधी पंधरा-वीस शब्दांची एक जोडयादी करावी, मराठी शब्द आणि इंग्रजी शब्दाचा देवनागरीतील उच्चार शेजारी शेजारी लिहून. ती विद्यार्थ्यांना द्यावी आणि वक्त्यांनाही पाठवावी.

काही शब्दांवर यादीत थोडे थांबावे लागते. इल्यूजन, हॅल्युसिनेशन आणि डिल्यूजन या तिन्हींसाठी बोलताना आपण सरसकट ‘भ्रम’ किंवा ‘भास’ म्हणून जातो. अंधारात पडलेली दोरी साप वाटणे हा पहिला प्रकार झाला, कारण दोरी खरोखर तेथे आहे आणि तिचा अर्थ चुकीचा लागला आहे. काहीच नसताना आवाज ऐकू येणे हा दुसरा. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करत आहेत अशी, कोणत्याही पुराव्याने न हलणारी खात्री असणे हा तिसरा, आणि त्यात डोळे-कान नीट काम करत असतात. गडबड विश्वासात असते. हे तीन शब्द आधी वेगळे केलेले असले की तज्ज्ञ एखाद्या रुग्णाविषयी बोलू लागल्यावर विद्यार्थी मागे पडत नाहीत. त्याचप्रमाणे मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमतेचा समावेश नाही, हेही आधीच सांगून ठेवावे.

प्रश्न कसे तयार करावेत

व्याख्यानाच्या तयारीसाठी एकच तासिका मिळणार असेल, तर ती संपूर्णपणे प्रश्नांना द्यावी. ‘नैराश्याची लक्षणे कोणती?’ हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे उत्तर पुस्तकात आहे, आणि पाहुण्यांनी ते दिले तर त्यांची दहा मिनिटे गेली. आता तोच प्रश्न असा विचारून पाहावा: ‘पुस्तकात लक्षणे किमान दोन आठवडे टिकली पाहिजेत असे लिहिले आहे. ज्याच्या घरात महिन्यापूर्वी मृत्यू झाला आहे, अशा माणसाची झोप, भूक आणि उत्साह गेलेला असेल, तर ते दुःख आहे की आजार आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता?’ या प्रश्नामागे मोठा वाद आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत नैराश्याचे निदान सहसा करू नये असा एक अपवाद ठेवलेला होता. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो अपवाद काढून टाकला, आणि त्यावर व्यवसायातच तीव्र मतभेद झाले. आपल्याकडे दहावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध अशा टप्प्यांनी शोकाला एक सामाजिक वेळापत्रक असते. त्याचा निदान करताना विचार होतो का, हा त्याचा पुढचा प्रश्न होऊ शकतो.

चांगल्या प्रश्नाची खूण मी विद्यार्थ्यांना अशी सांगतो: त्यात आपण वाचलेली एक गोष्ट असावी, त्या गोष्टीत आपल्याला जाणवलेली एक अडचण असावी, आणि प्रश्नाचा शेवट ‘तुम्ही काय करता’ किंवा ‘तुम्ही कशावरून ठरवता’ असा असावा. मनोमापनावर व्याख्यान असेल तर बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीचे उदाहरण घ्यावे. मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी वि. वि. कामत यांनी बिने यांच्या कसोटीचे रूपांतर केले. ही चाचणी कित्येक दशकांपूर्वीची असूनही अनेक ठिकाणी वापरात आहे. ‘मानके (तुलनेसाठी ठरवलेले गुण) इतकी जुनी असताना आजच्या मुलाचा बुद्ध्यंक सांगताना तुम्ही अहवालात काय लिहिता?’ असा प्रश्न द्वितीय वर्षाच्या मुलीने विचारला, तर कोणताही तज्ज्ञ खुर्चीत पुढे सरकून बोलू लागेल.

सामाजिक मानसशास्त्राच्या व्याख्यानासाठी गाजलेल्या प्रयोगांचे आजचे मूल्य काय, हा प्रश्न फार उपयोगी पडतो. मिल्ग्रॅम यांच्या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आज्ञापालनाच्या प्रयोगात, दुसऱ्या माणसाला विजेचे (प्रत्यक्षात लटके) धक्के द्यायला सांगितल्यावर, ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या खुणेपर्यंत गेले, हे आपल्याकडे सगळे पाठ करतात. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (केवळ योगायोगाने आले नसावेत असे) होते, आणि पुन्हा केलेल्यांपैकी फक्त ३६ टक्क्यांत ते तसे आले. ही गोष्ट मात्र वर्गात फार क्वचित सांगितली जाते. विद्यार्थ्यांनी ती वाचून ‘मग आमच्या पुस्तकातील कोणत्या गोष्टी तुम्ही आजही खात्रीने शिकवाल?’ असे विचारावे. हा प्रश्न उद्धट वाटेल अशी भीती त्यांना असते. तो उद्धट नाही, आणि शिक्षकाने हे त्यांना आधीच सांगून धीर द्यावा.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत, एकेकाने एकच. शिक्षकाने ते वाचून सारखे प्रश्न एकत्र करावेत आणि आठ-दहा निवडून वक्त्यांना दोन-तीन दिवस आधी पाठवावेत. निवडताना भाषा सुधारण्याचा मोह आवरावा. विद्यार्थ्याने ‘माझ्या आजोबांना जुने सगळे आठवते आणि सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, असे का’ असे लिहिले असेल, तर ते तसेच जाऊ द्यावे. दीर्घकालीन स्मृतीवरील कोणत्याही पुस्तकी प्रश्नापेक्षा तो जिवंत आहे.

व्याख्यानाचा दिवस

स्वागत मनापासून करावे पण थोडक्यात आटोपावे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, पुष्पगुच्छ आणि मनोगत यांत नव्वद मिनिटांपैकी पंचवीस मिनिटे जाताना मी पाहिली आहेत, आणि तेवढी मिनिटे शेवटी प्रश्नांच्या वेळेतून वजा होतात. परिचय तीन वाक्यांचा पुरतो, आणि तो एखाद्या विद्यार्थ्याने करून दिला तर उत्तम. तासाला वेळ कमी असेल तर आभारही तेथेच मानून टाकावेत, म्हणजे शेवट प्रश्नांसाठी मोकळा राहतो.

शक्य असेल तर व्याख्यानात एक लहान प्रयोग घडवून आणावा. स्मृतीच्या विषयासाठी एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा अभ्यास मला सर्वांत योग्य वाटतो. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता हे विचारले. प्रश्नातील क्रियापद तेवढे गटागटाला बदलले. सर्वांत जोरकस क्रियापद वापरले तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला आणि सर्वांत सौम्य वापरले तेव्हा सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात १५० विद्यार्थ्यांना आठवडाभरानंतर काचा फुटलेल्या दिसल्या का असे विचारले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हती. तरीही जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण आणि वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० जणांपैकी ६ जण तसे म्हणाले.

मराठीत हा प्रयोग करताना क्रियापदांची निवड हाच एक सुंदर अभ्यास होतो. ‘एकमेकींवर आदळल्या’, ‘धडकल्या’, ‘घासल्या’, ‘टेकल्या’ यांतील प्रत्येक शब्दाने डोळ्यांपुढे वेगळा वेग उभा राहतो, आणि कोणता शब्द किती जोरकस यावर विद्यार्थ्यांचे आधी एकमत होते का, हे पाहण्यासारखे असते. मात्र खऱ्या अपघाताची चित्रफीत दाखवू नये. साठ मुलांच्या वर्गात रस्त्यावरील अपघातात घरचे माणूस गमावलेला कोणीतरी असतो, हे गृहीतच धरावे. मैदानावर दोन सायकलींची हलकी टक्कर मुलांनीच काळजीपूर्वक घडवून मोबाइलवर चित्रित केली, तरी काम भागते. आकडे फळ्यावर आल्यानंतर वक्त्यांना विचारावे की एका गटात पंधराच जण असताना या फरकाला कितपत किंमत द्यायची. अपेक्षित निकाल आला नाही तर ती चर्चा अधिकच चांगली होते.

व्यक्तिमत्त्वाचा विषय असेल तर बर्ट्रम फोरर यांचा १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग घेता येतो. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझे व्यक्तिमत्त्व-वर्णन’ म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळते याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले आणि मग त्यांना कळले की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता. त्यातील पुष्कळसा मजकूर ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेला होता. वृत्तपत्रातील राशिभविष्य रोज वाचणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांना यातून जे कळते ते तासभराच्या विवेचनाने कळत नाही. प्रयोग संपल्यावर फसवणूक का केली हे लगेच उलगडून सांगावे आणि कोणाचाही कागद मोठ्याने वाचू नये.

आता प्रश्नोत्तरांविषयी. ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हटल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, ती विद्यार्थ्यांना रस नसल्याची खूण आहे असे समजू नये. प्रत्येकाला वाटत असते की इतर सगळ्यांना समजले आहे आणि आपणच एकटे मागे आहोत. सगळे गप्प आहेत हे पाहून प्रत्येकाचा तो समज आणखी पक्का होतो. शिवाय कोणीतरी विचारीलच, या भावनेने जबाबदारी विभागली जाते. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी १९६८ मध्ये संकटाच्या प्रसंगी बघ्यांच्या बाबतीत दाखवलेली जबाबदारीची विभागणी ती हीच. म्हणून प्रश्नांची सुरुवात मोकळी सोडू नये. आधी निवडलेल्या प्रश्नांपैकी पहिले तीन कोणी विचारायचे हे ठरवून ठेवावे. त्यानंतर दोन मिनिटे शेजारच्याशी बोलण्यासाठी द्यावीत, आणि मग बाकानुसार प्रश्न मागावेत. दोघांनी मिळून ठरवलेला प्रश्न विचारायला धीर लागत नाही. मागच्या बाकांवरून चिठ्ठ्या गोळा करण्यासाठी एक डबा फिरता ठेवावा.

शिक्षकाने स्वतः प्रश्न विचारू नयेत, किमान पहिली वीस मिनिटे तरी. मला हे शिकायला बराच काळ लागला.

खासगी दुःख आणि जाहीर सभागृह

या भागावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण येथे झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. मानसशास्त्रावरील व्याख्यान ऐकणाऱ्यांत स्वतः काहीतरी सोसत असलेली मुले असतात. एका व्याख्यानात एका मुलीने उभे राहून ‘माझ्या एका मैत्रिणीला रोज मरावेसे वाटते, तिने काय करावे’ असे विचारले. पाहुण्यांनी मैत्रिणीविषयी आणखी तपशील विचारायला सुरुवात केली, आणि दोन मिनिटांत सभागृहातील सगळ्यांना कळले की मैत्रीण म्हणजे ती स्वतःच आहे. ती पुढचे आठ दिवस महाविद्यालयात आली नाही. तेव्हा मी मध्ये बोलायला हवे होते आणि मी बोललो नाही, याची टोचणी आजही आहे.

त्या प्रसंगानंतर मी काही गोष्टी कधीही चुकवत नाही. वक्त्यांना आधी सांगतो की वैयक्तिक प्रश्न आला तर सर्वांना लागू पडेल असे दोन वाक्यांचे उत्तर द्यावे आणि पुढचे बोलणे व्याख्यानानंतर एकांतात करावे. विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगतो की स्वतःविषयी किंवा घरच्यांविषयी काही विचारायचे असेल तर ते सभागृहात विचारू नये, त्यासाठी व्याख्यानानंतर अर्धा तास वेगळ्या खोलीत पाहुणे थांबणार आहेत. ती खोली स्टाफरूमच्या शेजारी नसावी आणि बाहेर रांग लागू नये. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात व्याख्यानभर लिहिलेला असतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, ती चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. चिठ्ठ्यांच्या डब्यात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याविषयी लिहिले असेल, तर ती चिठ्ठी वाचून दाखवायची नाही. सर्वांना उद्देशून, कोणाकडेही न पाहता, मदत कोठे मिळते हे पुन्हा सांगायचे आणि त्याच दिवशी शोध घेऊन त्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोलायचे.

आत्महत्येच्या प्रयत्नाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात पोलिसांची भीती असते आणि त्या भीतीने ते बोलत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध झाले नाही तर, मानले जाते आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरवणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तज्ज्ञांनी हे दोन वाक्यांत सांगितले तरी अनेकांच्या मनावरचा दगड उतरतो.

रुग्णांच्या गोपनीयतेचा विचारही आधीच करावा. वक्ते उदाहरणे देणार, आणि ती द्यावीतच, परंतु गाव, जात, व्यवसाय आणि नाते सांगितले की लहान जिल्ह्यात नाव सांगण्याची गरज उरत नाही. तपशील बदलून उदाहरणे द्यावीत अशी विनंती पत्रातच करावी. व्याख्यानाचे चित्रीकरण करायचे असेल तर वक्त्यांची परवानगी घ्यावी, आणि प्रश्नोत्तरांचे चित्रीकरण करूच नये.

टिपणे आणि नंतरचा आठवडा

व्याख्यान चालू असताना प्रत्येक वाक्य उतरवून घेणारा विद्यार्थी फार थोडे ऐकतो. मी वहीचे पान उभे दुभागायला सांगतो. डावीकडे वक्त्यांनी सांगितलेली उदाहरणे आणि आकडे, उजवीकडे आपल्या मनात आलेली शंका किंवा ‘हे पुस्तकापेक्षा वेगळे आहे’ अशी खूण. सरकपट्ट्यांचे (स्लाइड्सचे) फोटो काढण्यास मी मनाई करतो, आणि त्या बदल्यात सरकपट्ट्या नंतर सर्वांना मिळतील असे आश्वासन देतो.

हेर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, आणि एका दिवसानंतर पुन्हा पाठ करताना त्यांच्या श्रमांची बचत फक्त एक तृतीयांशच होत होती. अर्थपूर्ण बोलणे इतक्या वेगाने विसरले जात नाही, पण विसरले जातेच, म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. ती टिपणे पुन्हा वाचून करू नये. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवले आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के.

म्हणून दुसऱ्या दिवशीच्या तासाला कोरा कागद द्यावा, वह्या बंद ठेवाव्यात आणि पंधरा मिनिटे आठवेल ते लिहून घ्यावे. मग चौघाचौघांनी कागद ताडून पाहावेत. एकाच व्याख्यानातून चौघांनी किती वेगळ्या गोष्टी नेल्या आहेत, आणि क्वचित न बोललेले वाक्यही कोणी वक्त्यांच्या तोंडी घातले आहे, हे त्यांना स्वतःच दिसते. स्मृती ही पुनर्रचना असते हे वाक्य त्यांनी अनेकदा वाचलेले असते, आणि आता ते त्यांच्याच हस्ताक्षरात समोर असते. यानंतर वही उघडून उजव्या बाजूच्या खुणा एकेक करून घ्याव्यात. तज्ज्ञांचे म्हणणे आणि पुस्तक यांत तफावत असेल तेथे कोण बरोबर हे शिक्षकाने घाईने जाहीर करू नये. पुस्तकाची आवृत्ती जुनी असेल, तज्ज्ञ आपल्या कामापुरते बोलत असतील किंवा ऐकण्यात चूक झाली असेल. तिन्ही शक्यता विद्यार्थ्यांनी तपासाव्यात.

या आठवड्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे लागते. मनोविकृतीविषयक व्याख्यानानंतर विद्यार्थी स्वतःमध्ये आणि मित्रांमध्ये लक्षणे शोधू लागतात. कोणी टापटीप राहिला की त्याला ‘ओसीडी’ (मंत्रचळ) म्हणतात, कोणाचा मूड बदलला की ‘बायपोलर’ (मनःस्थिती टोकाला जाण्याचा आजार). त्यांना रागावण्यापेक्षा निदानासाठी तज्ज्ञांनी सांगितलेल्या अटी पुन्हा वाचायला लावाव्यात: किती काळ, किती तीव्रता आणि दैनंदिन जगण्यात किती अडथळा. मित्रावर लावलेला शब्द या तीन प्रश्नांपुढे बहुधा टिकत नाही. एखाद्याच्या बाबतीत तो टिकलाच, तर ती बाब चर्चेची राहत नाही. त्याला समुपदेशन कक्षापर्यंत सोबत करावी.

शेवटी वक्त्यांना पत्र लिहावे, आणि ते विद्यार्थ्यांनी लिहावे. ‘आपले व्याख्यान अतिशय उद्बोधक झाले’ एवढेच लिहिलेले पत्र पाठवू नये. व्याख्यानातील कोणत्या उदाहरणाने कोणाचा कोणता समज बदलला, कोरा कागद लिहिताना काय आठवले आणि काय निसटले, आणि तासात विचारायचे राहून गेलेले दोन प्रश्न कोणते, हे त्यात असावे. माझ्या अनुभवात अशा पत्राला बहुतेक वेळा उत्तर येते, कधी महिनाभराने, कधी एखाद्या लेखाच्या प्रतीसह. पत्राची आणि उत्तराची प्रत चिठ्ठ्यांसोबत विभागाच्या कपाटात ठेवावी आणि पुढच्या वर्षी प्रश्नांच्या तासिकेला तीच नव्या विद्यार्थ्यांसमोर वाचावी.